तळ्यातल्या माशाला कोणाचा घास?

२०२२ या वर्षी जगाच्या मासळीच्या हिशेबात एक मोठा पालट झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अहवालानुसार त्या वर्षी तळी, खाड्या आणि पिंजऱ्यांत वाढवलेल्या जलचरांचे उत्पादन ९.४४ कोटी टनांवर गेले आणि समुद्र-नद्यांतून पकडलेल्या ९.१ कोटी टनांना त्याने प्रथमच मागे टाकले. या बातमीचे स्वागत झाले ते साहजिकच होते. माणूस मासे पाळू लागला की समुद्रावरचा भार हलका होईल, ही आशा जुनी आहे. पण तो भार खरोखर हलका झाला का, हे ठरवायचे तर पाळलेल्या माशाने काय खाल्ले ते विचारावे लागते. कालवे, शिंपले आणि पाण्यातले सूक्ष्म प्लवक खाऊन वाढणारे काही मासे वगळले, तर पाळीव जलचरांपैकी जवळपास तीन चतुर्थांशांना बाहेरून खाद्य घालावे लागते. त्या खाद्यातला सर्वांत महागड्या घटकांपैकी एक आणि सर्वांत वादाचा घटक म्हणजे फिशमील. मासळी उकडून, पिळून, वाळवून आणि दळून केलेली ही भुकटी.

या भुकटीइतके सोयीचे खाद्य माशाला दुसरे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. तिच्यात साठ ते सत्तर टक्के प्रथिने असतात. लायसीन, मेथिओनीनसारखी जी अमिनो आम्ले माशाला स्वतः तयार करता येत नाहीत, ती तिच्यात हव्या त्या प्रमाणात मिळतात. फॉस्फरस सहज पचेल अशा रूपात असतो. शिवाय तिचा वास पाण्यात पसरताच कोळंबी खाद्याकडे धावते, आणि हा गुण प्रयोगशाळेच्या तक्त्यात दिसत नसला तरी तळ्यावर त्याला फार मोल आहे. न खाल्लेली गोळी तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि रोगाला वाट करून देते. त्यामुळे आंध्रचा कोळंबी उत्पादक किंवा उजनीत पिंजरे लावणारा मत्स्यपालक खाद्य बदलताना कचरतो, तो हट्ट नसतो. त्याच्या एकूण खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो आणि एक फसलेला हंगाम त्याला कर्जात ढकलतो.

प्रश्न त्या भुकटीच्या उगमाचा आहे. एक किलो भुकटीला साधारण चार ते पाच किलो ओली मासळी लागते. तिचा जगातला सर्वांत मोठा पुरवठादार पेरू आहे. तिथल्या थंड, सुपीक समुद्रातला अँकोव्हेटा हा आपल्या मांदेलीच्याच कुळातला छोटा मासा. एल निनोमुळे पाणी तापले की त्याचे थवे विस्कटतात. २०२३ मध्ये जाळ्यात पिल्लेच जास्त सापडू लागली, तेव्हा पेरूने वर्षातला पहिला हंगाम रद्द केला आणि भुकटीचे भाव जगभर चढले. पेरूची व्यवस्था निदान हंगाम थांबवू शकते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तेवढेही बळ नाही. मॉरिटानिया, सेनेगल आणि गांबियात गेल्या दोन दशकांत भुकटीचे कारखाने उभे राहिले. त्यांना लागणारा सार्डिनेला हा तिथल्या गरिबांच्या रोजच्या जेवणातला मासा. तो धुरी देऊन, वाळवून आतल्या गावांत विकणाऱ्या बायकांचा व्यवसाय त्यावर उभा आहे. कारखाना बोटीवरच सगळा माल उचलू लागला की या बायकांना माल मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. सेनेगलमधला मासा भुकटी होऊन दूरच्या देशातल्या कोळंबीच्या किंवा सॅमनच्या पोटात जातो, आणि तिथून श्रीमंतांच्या ताटात.

आपल्या किनाऱ्याला हे अपरिचित नाही. सार्डिनेला म्हणजे आपल्या तारलीचाच भाऊबंद. कोकण, गोवा आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर तारलीचा हंगाम चांगला झाला की मालाचा मोठा हिस्सा तेल आणि भुकटीच्या कारखान्यांकडे वळतो. तारली स्वस्त आहे, पौष्टिक आहे आणि पापलेट-सुरमई न परवडणाऱ्या घरांत तीच शिजते. त्याहून गंभीर गोष्ट आहे ती ट्रॉलरच्या जाळ्यात येणाऱ्या बारीक मासळीची. बाजारात भाव नसलेल्या या ढिगात मोठ्या माशांची पिल्ले असतात. एक हंगाम थांबले तर किलोच्या भावाने विकले जाणारे मासे भुकटीसाठी टनाच्या भावाने जातात. पिल्लांच्या या नाशाबद्दल केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था अनेक वर्षे सांगत आली आहे. केरळने २०१५ मध्ये या दिशेने पहिले पाऊल टाकले आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही ५४ जातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला.

या पार्श्वभूमीवर फिशमीलला पर्याय हवा, यावर फारसे दुमत उरलेले नाही. मतभेद सुरू होतात ते पर्याय कशाने मोजायचा इथे. खाद्य कंपन्या प्रथिनांची टक्केवारी, पचनीयता आणि किलोमागचा भाव पाहतात. ही तीनही मापे आवश्यक आहेत, पण सार्वजनिक धोरणाला ती पुरत नाहीत. तिथे आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: हा कच्चा माल माशाच्या पोटात गेला नसता, तर कुठे गेला असता? माणसाच्या ताटात, जनावराच्या गव्हाणीत, की उकिरड्यावर? पर्याय म्हणून पुढे येणाऱ्या बहुतेक पदार्थांची खरी किंमत या प्रश्नाने कळते.

पर्याय शोधण्याची ही पहिली वेळ नाही आणि पहिल्या वेळचा इतिहास उद्बोधक आहे. १९७० मध्ये पेरूने १.२ कोटी टनांहून अधिक अँकोव्हेटा पकडला. एवढ्या उपशाने खिळखिळ्या झालेल्या साठ्यावर १९७२ मध्ये एल निनो आदळला आणि १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्या आसपास आली. त्या काळी फिशमील मुख्यतः कोंबड्या आणि डुकरांना घातले जाई. ती मागणी सोयापेंडीकडे वळली. बाजार आधीच तंग होता, त्यात ही भर पडून भाव भडकले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी फार काळ टिकली नाही, पण अमेरिकी सोयाबीनवर विसंबलेल्या जपानला तिने हादरवले. जपानने ब्राझीलकडे पाहिले. पुढच्या दशकांत जपानी भांडवलाच्या साहाय्याने ब्राझीलच्या सेराडो या विस्तीर्ण माळरानावर सोयाबीन पसरले आणि तिथली मूळ झाडी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. पेरूच्या समुद्रातली तूट अशी ब्राझीलच्या जमिनीवर जाऊन पडली.

मत्स्यखाद्यातही पुढे हेच झाले. नॉर्वेत १९९० मध्ये सॅमनच्या खाद्याचा सुमारे नव्वद टक्के भाग समुद्रातून येत होता. २०१३ मध्ये हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आले आणि २०२० मध्ये आणखी घटून बावीस टक्क्यांच्या घरात पोचले. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे मोठे यश आहे. मांसाहारी मासा इतका शाकाहार पचवू शकेल असे पूर्वी वाटले नव्हते. पण समुद्राची जागा घेतली ती मुख्यतः वनस्पतिजन्य तेल, गहू आणि ब्राझीलहून आलेल्या सोयाप्रथिनाने. जंगलतोडीचे प्रश्न इतके तीव्र झाले की ब्राझीलच्या सोया पुरवठादारांना २०२१ मध्ये जंगलतोडमुक्त मालाची हमी द्यावी लागली.

समुद्रावरचा भार किती कमी झाला, याबद्दलही सावधपणे बोलायला हवे. एक किलो पाळीव मासा वाढवायला किती किलो रानटी मासा लागतो, याचे एक गुणोत्तर वापरले जाते. २०२१ मध्ये ‘नेचर’मधल्या आढाव्यात ते जागतिक पातळीवर ०.२८ पर्यंत खाली आल्याचे म्हटले होते. २०२४ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मधल्या अभ्यासाने तेच गणित वेगळ्या आधारावर मांडले, तेव्हा ते ०.३६ ते १.१५ च्या दरम्यान आले. फरक इतका मोठा पडतो, कारण सरासरीत भुकटी जवळजवळ न खाणारा रोहू आणि भरपूर खाणारा सॅमन एकाच पंगतीत बसतात, शिवाय खाद्याची नेमकी घटकसूची कंपन्या सहसा उघड करत नाहीत. एका आकड्यावरून मत्स्यशेतीला दोषी किंवा निर्दोष ठरवणे म्हणूनच बरोबर नाही.

सोयापेंडीच्या मर्यादा माशाच्या शरीरातही आहेत. तिच्यात मेथिओनीन कमी असते. तिच्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, तो माशाला न मिळता विष्ठेवाटे पाण्यात जातो आणि तळ्यात शेवाळ माजवतो. पचनाला अडथळा करणारे घटक उष्णतेने बरेचसे नाहीसे होतात, पण सॅमनसारख्या माशाच्या आतड्याला जादा सोयापेंडीने सूज येते. एन्झाइम आणि कृत्रिम मेथिओनीन घालून यातले बरेच सावरता येते. अर्थात त्याला खर्च येतो.

मराठी वाचकाला सोयाबीनची दुसरी बाजू सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला. कुक्कुटपालक आणि कोळंबी खाद्य बनवणाऱ्यांची कोंडी झाली. केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल बाजार समित्यांत येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आले होते आणि लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याच्या हाती चढ्या भावातले काहीच लागले नाही. पुढे परिस्थिती उलटी झाली. मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, स्वस्तात मिळू लागला आणि त्याने सोयापेंडीची मागणी खाल्ली. २०२४ च्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. मत्स्यखाद्याला हा चोथा काही प्रमाणात चालतो. तंतुमय भाग जास्त असल्याने आणि साठवणुकीत बुरशीचे विष वाढण्याचा धोका असल्याने त्याचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. पण मुद्दा वेगळा आहे. माशाच्या खाद्यातला घटक बदलला की त्याचा धक्का मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतापर्यंत पोचतो, आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या चर्चेत तो शेतकरी क्वचितच असतो.

सध्या सर्वाधिक उत्साह आहे तो अळ्यांबद्दल. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची माशी माणसाला चावत नाही, पिकाला उपद्रव देत नाही. तिची अळी जवळपास कोणताही सेंद्रिय पदार्थ खाऊन दोनेक आठवड्यांत काढणीला येते. सुकवलेल्या अळीत साधारण चाळीस टक्के प्रथिने असतात आणि चरबी काढली की हे प्रमाण आणखी वाढते. युरोपीय संघाने जुलै २०१७ पासून मत्स्यखाद्यात कीटकप्रथिनाला परवानगी दिली. त्यानंतर मोठे भांडवल या उद्योगात शिरले, आणि मोठे अपयशही पदरी आले. मीलवर्म अळ्यांचा प्रचंड कारखाना उभारणारी फ्रान्समधली यन्सेक्ट ही कंपनी शेकडो दशलक्ष युरो उभे करूनही २०२४ मध्ये न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली. थंड देशात अळ्यांना ऊब द्यायला लागणारी ऊर्जा हे खर्चाचे एक कारण. दुसरे अधिक मूलभूत आहे. रोगाच्या भीतीने युरोपात अळ्यांना स्वयंपाकघरातले खरकटे किंवा शेण घालायला मनाई आहे. त्यांना कोंडा, भाज्यांचे अवशेष, धान्यप्रक्रियेतले उपपदार्थ घालावे लागतात. हे गायी-डुकरांना थेट खाऊ घालता आले असते. मध्ये अळी आणून त्यातली काही प्रथिने आणि ऊर्जा गमावली जाते, आणि मग ही भुकटी फिशमीलहून महाग पडते यात नवल नाही.

भारतात उष्णता फुकट आहे आणि ओल्या कचऱ्याची कमतरता नाही. नैरोबीत शौचालयांतला मैला आणि स्वयंपाकघरातला कचरा अळ्यांना घालून खाद्य आणि खत बनवण्याचे काम झाले आहे. पुण्या-मुंबईत, नाशिकच्या भाजीबाजारात, फळप्रक्रिया कारखान्यांच्या आवारात रोज साचणारा माल या अळ्यांना योग्य आहे. इथे मात्र एक अट टाळता येणार नाही. ही अळी कॅडमियमसारखे जड धातू शरीरात साठवते. वर्गीकरण न केलेल्या कचऱ्यावर वाढवलेली अळी माशाला घालणे म्हणजे शहरातले विष अन्नसाखळीत परत आणणे होईल. कत्तलखान्याचे आणि कोंबड्यांचे टाकाऊ अवयव थेट तळ्यात टाकून वाढवल्या जाणाऱ्या बंदी असलेल्या मांगूर माशाचा अनुभव महाराष्ट्राला आहे. उजनीच्या परिसरात मत्स्यविभागाला असे साठे नष्ट करावे लागले. टाकाऊ पदार्थाचा उपयोग आणि टाकाऊ पदार्थाची विल्हेवाट यांतली सीमा कायद्याने आखलेली असली पाहिजे.

सूक्ष्मजीवांपासून प्रथिने काढण्याची कल्पनाही जुनी आहे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने मिथेनॉलवर जिवाणू वाढवून ‘प्रुटीन’ नावाचे पशुखाद्य बनवले होते. बिलिंगहॅमचा तिचा प्रचंड कारखाना सोयापेंडीच्या भावापुढे टिकला नाही आणि बंद पडला. आता मिथेनवर जगणाऱ्या जिवाणूंचे प्रथिन चीनमध्ये चोंगकिंगला वर्षाला २० हजार टन क्षमतेच्या कारखान्यात तयार करण्याची सोय झाली आहे. बंगळूरुच्या स्ट्रिंग बायोनेही याच दिशेने काम केले आहे. अशा प्रथिनाला शेतजमीन लागत नाही, पाणी कमी लागते, एल निनोचा धोका नाही. पण जमिनीखालचा नैसर्गिक वायू जाळण्याऐवजी खाद्यात वापरणे ही हवामानाच्या दृष्टीने मोठी सुधारणा म्हणता येणार नाही. तोच वायू साखर कारखान्यांच्या मळीपासून किंवा शेणापासून घेतला, तर हिशेब बदलतो. महाराष्ट्रात इतके साखर कारखाने आणि आसवन्या आहेत की या प्रयोगाला इथे जागा शोधावी लागणार नाही. इथेनॉल करताना उरणारा यीस्टचा गाळ हाही प्रथिनांचा असाच दुर्लक्षित साठा आहे.

प्रथिनांइतकाच माशाच्या तेलाचाही प्रश्न आहे, आणि तो काही बाबतींत अधिक अवघड आहे. माणूस ज्या ओमेगा-३ साठी समुद्री मासा खातो, ती मुळात सूक्ष्म शेवाळे तयार करतात. अळीच्या आणि सोयाबीनच्या तेलात माशाला हवी असलेली लांब साखळीची रूपे जवळजवळ नसतात. २०१९ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात शेवाळापासून असे तेल काढणारा मोठा कारखाना सुरू झाला. तंत्र सिद्ध झाले आहे, भाव अजून चढा आहे.

या सगळ्यांच्या मानाने सर्वांत साधा स्रोत म्हणजे मासळीवर प्रक्रिया करताना उरणारा भाग. २०२२ मध्ये जगातल्या फिशमीलपैकी सुमारे एक तृतीयांश आणि मत्स्यतेलापैकी निम्म्याहून थोडे अधिक अशा डोकी, काटे, आतडी, कातडी यांपासून आले. कोळंबी सोलताना डोके आणि कवच मिळून वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक माल बाजूला पडतो. भारत दरवर्षी सात लाख टनांच्या आसपास गोठवलेली कोळंबी निर्यात करतो, यावरून हा साठा किती मोठा असेल याची कल्पना यावी. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने मासळीबाजारातल्या टाकाऊ भागांपासून तळ्यासाठी ‘प्लँक्टन प्लस’ तयार करून दाखवले आहे. कोळंबीचे अवशेष पुन्हा कोळंबीलाच घालू नयेत, कारण रोग फिरून येऊ शकतो. ते पंगस किंवा जिताड्याच्या खाद्यात घालता येतील. त्यासाठी बंदरावर आणि प्रक्रिया केंद्रांत शीतसाखळी हवी. आठ तास उन्हात राहिलेली डोकी कोणत्याच कामाची नसतात.

आणि एक पर्याय खाद्याच्या गोळीत नसून तळ्यात कोणता मासा सोडायचा या निवडीत आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे शेण-खताने वाढलेले प्लवक, भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड यांवर पिढ्यान् पिढ्या वाढले आहेत. शेततळ्यात बोटुकली सोडणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्याला पेरूच्या समुद्राशी काही देणेघेणे नसते. रायगडच्या खारेपाटात खाडीतली जिताड्याची पिल्ले तळ्यात आणून वाढवण्याची परंपरा आहे. पण जिताडा शिकारी आहे, त्याची शेती वाढली की भुकटीची मागणीही वाढणार. जिताडा पाळू नये असे नाही. अनुदान ठरवताना मात्र हा फरक विचारात घेतला पाहिजे. आज सरकारी योजनांत तळ्याचे क्षेत्रफळ आणि पिंजऱ्यांची संख्या मोजली जाते. तिथे कोणता मासा वाढेल आणि तो काय खाईल, याला फारसे वजन नाही.

व्हॅनामेई कोळंबीच्या खाद्यात फिशमीलचे प्रमाण सर्वसाधारणपणे दहा ते पंचवीस टक्क्यांच्या दरम्यान असते. ते शून्यावर आणण्याचा आग्रह आज धरला तर शेतकरी बुडेल. ते निम्म्यावर आणणे शक्य आहे, पण त्यासाठी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी चाचण्या टाक्यांबाहेर काढून शेतकऱ्यांच्या तळ्यांवर, उन्हाळ्या-पावसाळ्यात घेतल्या पाहिजेत आणि चाचणी फसली तर त्या हंगामाची भरपाई सरकारने दिली पाहिजे. खाद्याच्या पोत्यावर आज प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि ओलाव्याची टक्केवारी छापलेली असते. त्यातली प्रथिने मासळीची, सोयाची, अळीची की जिवाणूंची, आणि मासळी असेल तर ती अख्ख्या माशाची की उरलेल्या भागांची, हेही छापणे बंधनकारक करावे. त्याशिवाय शेतकऱ्याला निवड करता येणार नाही आणि खरेदीदारालाही विचारता येणार नाही.

या सगळ्याला वेळ लागेल. एक काम मात्र येत्या हंगामातच सुरू करता येईल. किमान आकाराचा नियम पाळला जातो की नाही हे हजारो बोटींवर जाऊन तपासायला मत्स्यविभागाकडे माणसे नाहीत. भुकटीचे कारखाने त्या मानाने मोजके आहेत आणि प्रत्येक ट्रक त्यांच्याच दारात थांबतो. तपासणी तिथे व्हावी. येणाऱ्या मालाचा नमुना घेऊन त्यातल्या पिल्लांचे प्रमाण रोज नोंदावे, ठरलेल्या मर्यादेबाहेरचा माल घेणाऱ्या कारखान्याचा परवाना निलंबित करावा, आणि या नोंदी मच्छीमार सहकारी संस्थांना पाहता येतील अशा खुल्या ठेवाव्यात.